ज्याला तुमचं नाव माहीत नाही, त्याच्यासाठी

गूगलवर स्वतःच्या दुकानाचं नाव टाकायचं आणि पहिल्याच ओळीत आपली वेबसाइट दिसली की निश्चिंत व्हायचं, ही वेबसाइट तपासण्याची रीत बारामतीच्या एमआयडीसीपासून इंदापूरच्या बाजारपेठेपर्यंत सगळीकडे आढळते. तिच्यातून कळत मात्र काहीच नाही. ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे, त्याच्याकडे बहुधा तुमचा फोन नंबरही असतो. वेबसाइट लागते ती ज्यानं तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही त्याच्यासाठी. तो सांगोल्यात किंवा आटपाडीत बसून ‘भगवा डाळिंब रोपे’ असं शोधतो. कोथरूडमधलं एखादं कुटुंब शुक्रवारी रात्री ‘भिगवण फ्लेमिंगो बोटिंग’ शोधतं. रांजणगावच्या एखाद्या कारखान्याचा खरेदी विभाग ‘शीट मेटल फॅब्रिकेशन बारामती’ शोधतो. या तिघांपुढे तुमचं पान येतं का, आणि येत नसेल तर नेमकं कुठे अडतं, हे एकेक करून पाहणं म्हणजे वेबसाइटचं ऑडिट.

हे काम पुण्यातल्या एजन्सीकडेच द्यायला हवं, असं अजिबात नाही. त्यातला मोठा भाग मालक स्वतः किंवा घरातली कॉलेजला जाणारी मुलं दोन-चार दुपारींत करू शकतात. शिवाय या कामात सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट एजन्सीकडे नसतेच. गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारतं, हे फक्त गल्ल्यावर बसणाऱ्यालाच माहीत असतं.

आधी पान गूगलच्या दप्तरी नोंदलं गेलंय का, ते पाहावं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली गूगल सुरू केलं तेव्हापासून या यंत्रणेचा गाभा तोच आहे. तिचे प्रोग्राम दुव्यांवरून दुव्यांवर जात पानं वाचतात, वाचलेल्याची सूची करतात आणि कुणी काही विचारलं की त्या सूचीतून उत्तर काढतात. जे सूचीत नाही ते कितीही सुंदर असलं तरी कुणाला दिसणार नाही. तपासायची युक्ती सोपी आहे. शोधाच्या चौकटीत रोमन अक्षरांत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि लगेच आपल्या वेबसाइटचा पत्ता लिहावा. गूगलनं तुमची जी पानं नोंदवली आहेत, त्यांचा अंदाज येतो. तिथे काहीच आलं नाही, तर बऱ्याचदा कारण क्षुल्लक निघतं. साइट बनवणारा काम अपुरं असताना सर्च इंजिनांना मज्जाव करून ठेवतो. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी एक साधी टिक असते. साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते आणि वर्ष-दोन वर्षं मालक ‘आपल्या धंद्याला इंटरनेटचा उपयोग नाही’ असं म्हणत राहतो. उलट, आपण कधी न लिहिलेली, जपानी अक्षरांतली किंवा औषधांच्या जाहिरातींची पानं यादीत दिसली, तर साइट हॅक झाली आहे. मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते निस्तरावं.

यानंतर गूगल सर्च कन्सोल. हे साधन फुकट आहे आणि माझ्या मते छोट्या धंद्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं साधन नाही. साइट आपली आहे हे एकदा सिद्ध केलं की त्यात चार गोष्टी दिसू लागतात: लोकांनी कोणते शब्द शोधले तेव्हा तुमचं पान दाखवलं गेलं, किती वेळा, त्यातल्या किती जणांनी त्यावर टिचकी मारली आणि सरासरी कितव्या क्रमांकावर ते होतं. दाखवलं जातं भरपूर पण टिचकी कुणी मारत नाही, अशा शब्दांची यादी आधी काढावी. गूगलला तुमचं पान त्या विषयाचं वाटतंय, पण माणसाला ते उघडावंसं वाटत नाही, असा त्याचा अर्थ. तिथे थोडक्या श्रमात फरक पडतो.

आता एक पान जवळून पाहू. डाळिंबाच्या रोपवाटिकेचं पान घेऊ, कारण निमगाव केतकीपासून पुढे इंदापूरच्या सगळ्या पट्ट्यात डाळिंब आहे आणि बाहेरचे शेतकरी रोपं शोधत इकडे येतात. अशा रोपवाटिकेच्या वेबसाइटवर साधारणपणे काय असतं? वर फ्लेक्ससारखं एक मोठं चित्र. त्यात मालकाचा फोटो, रोपवाटिकेचं नाव, ‘आमच्याकडे सर्व प्रकारची खात्रीशीर रोपे मिळतील’ ही ओळ आणि दोन मोबाइल नंबर. हे सगळं डीटीपीवाल्यानं श्रीलिपीत जुळवलेलं आणि चित्र म्हणून चढवलेलं. माणसाला ते वाचता येतं. गूगलच्या लेखी मात्र तो मजकूर नसून एक चित्र आहे. वाणांची माहिती पीडीएफमध्ये असते आणि ती युनिकोडमध्ये नसते. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये कागदावर जे ‘डाळिंब’ दिसतं, ते संगणकाच्या आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता असतं. शेतकरी मोबाइलवर ‘डाळिंब’ टाइप करतो ते युनिकोडमध्ये. दोघांची गाठ पडायची कशी? मराठी धंद्यांच्या साइट मागे पडण्याचं हे मोठं कारण आहे आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शनात ते सहसा सापडत नाही. तपासायला एक क्षण लागतो. पानावरचा मजकूर निवडून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहावा. मराठी अक्षरं जशीच्या तशी उमटली तर ठीक. भलतंच काही उमटलं, किंवा मजकूर निवडताच आला नाही, तर तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्यावा. नवं काही लिहिण्याआधी हे करावं.

मग शीर्षक. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं आणि शोधाच्या निकालात निळ्या अक्षरांत येणारं हे शीर्षक अनेक साइटवर नुसतं ‘होम’ असतं. त्याऐवजी ‘भगवा डाळिंबाची गुटी कलमे व टिश्यूकल्चर रोपे – इंदापूर’ असं लिहिलं, तर गूगललाही कळतं आणि सांगोल्याच्या शेतकऱ्यालाही. ‘डाळिंब’ ऱ्हस्व की ‘डाळींब’ दीर्घ, यावर डोकं शिणवू नये. गूगल अशा जवळच्या रूपांचा मेळ बराचसा घालतं, आणि जिथे सहज जमेल तिथे दुसरं रूपही येऊ द्यावं. मात्र पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत पन्नास वेळा शब्द लिहिणं ही लबाडी आहे, गूगलच्या नियमांत ती थेट स्पॅम ठरते. कीवर्डचा जो वेगळा टॅग काही जण अजून मन लावून भरतात, तो क्रम लावताना आपण वापरत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलं आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

खरी भर घालायची ती मजकुरात. शेतकरी रोपवाटिकेत फोन करतो तेव्हा काय विचारतो? मातृवृक्ष तेल्यामुक्त बागेतले आहेत का. गुटी किती महिन्यांची. मर रोगाचं काय. रोप पिशवीत की ट्रेमध्ये. किती रोपांच्या पुढे गाडी पोचवता. आगाऊ नोंदणी किती दिवस आधी. उसाच्या रोपांचं असेल तर को ८६०३२ आहे की फुले २६५, एक डोळा पद्धतीची आहेत का, आडसालीसाठी जूनमध्ये मिळतील का. ही उत्तरं मालक दिवसभर फोनवर तोंडपाठ देत असतो. वेबसाइटवर त्यातलं एकही नसतं. तिथे असतं ‘आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही’. एकेका प्रश्नाला शेतकऱ्याच्याच शब्दांत मथळा देऊन खाली चार-सहा ओळींत खरं उत्तर लिहावं. निकालांच्या वर आता एआयनं तयार केलेले सारांश दिसू लागले आहेत, तेही अशाच पानांवरून उचललेले असतात. गूगल पानाबद्दल जे अनुभव, जाणकारी आणि विश्वासार्हता म्हणतं ते यापेक्षा वेगळं नाही, आणि रोपवाटिकावाल्याच्या बोलण्यात ते ओसंडून वाहत असतं. कागदावर उतरत नाही, एवढंच.

वेगाबद्दल थोडक्यात. गूगल आता क्रम लावताना साइटचं मोबाइलवरचं रूपच पाहतं. २०१६ मध्ये जाहीर केलेला हा बदल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुरा झाला. तेव्हा दुकानातल्या संगणकावर साइट छान दिसते याला फारसा अर्थ नाही. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्याच मोफत साधनात पत्ता टाकला की पान मोबाइलवर कसं उघडतं ते कळतं. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा आणि वाचता वाचता मजकूर उड्या मारू नये, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या साइट बहुतेक वेळा अडकतात त्या मोबाइलनं काढून जसेच्या तसे चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो असल्यामुळे. ते लहान करून वेबपी स्वरूपात चढवले की निम्मं दुखणं जातं. साइटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’नं सुरू होत नसेल, तर तेही करून घ्यावं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. पण एक सांगायला हवं. वेग कितीही सुधारला तरी रिकाम्या पानाला वर नेत नाही.

भिगवणचा मामला वेगळा आहे. तिथे वेबसाइटइतकाच, कधीकधी तिच्याहून जास्त, नकाशा महत्त्वाचा. उजनी धरणाच्या फुगवट्यातलं पाणी हिवाळा सरता सरता उतरू लागतं, उथळ चिखलाळ काठ उघडे पडतात आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, थव्यांनी उतरतात. बरोबर पट्टकदंब, चक्रवाक, मुग्धबलाक असतात. जवळच भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची घरटी असतात. नावाड्यांचा आणि घरगुती जेवणाचा सगळा धंदा या मोसमावर चालतो. पण पाहुणा शोधतो ‘भिगवण’, आणि होड्या सुटतात कुंभारगाव, डिकसळ अशा गावांतून. साइटवर एकच नाव असेल तर दुसरं शोधणारा निसटतो. नकाशातली पिन गावच्या चौकात पडलेली असेल, तर पहाटे पाचला पुण्याहून निघालेलं कुटुंब चौकात उभं राहून फोन करत बसतं आणि परत जाऊन एक तारा देतं.

गूगल बिझनेस प्रोफाइल, ज्याचं नाव २०२१ पर्यंत गूगल माय बिझनेस होतं, त्यातला क्रम तीन गोष्टींवर ठरतो असं गूगल स्वतः सांगतं: विचारलेल्याशी तुमचा धंदा किती जुळतो, तो शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि त्याची ख्याती किती. अंतर आपल्या हातात नाही. उरलेल्या दोहोंसाठी प्रकार अचूक निवडावा, पिन धक्क्यावर आणून ठेवावी, वेळ आणि मोसम भरावा, दर आठवड्याला ताजे फोटो टाकावेत. नाव आणि फोन नंबर साइटवर, प्रोफाइलवर आणि पाटीवर एकसारखे असावेत. नावापुढे ‘भिगवणमधील सर्वोत्तम’ असं काही जोडू नये, त्यापायी प्रोफाइल स्थगित होऊ शकतं. परीक्षण लिहिण्याच्या बदल्यात चहा-भजी मोफत देणंही नियमांत बसत नाही. निघताना पाहुण्यांना मोकळेपणी ‘लिहा’ म्हणावं आणि जे लिहितील त्या प्रत्येकाला, तक्रार असली तरी, उत्तर द्यावं. माझी आणखी एक सूचना आहे. ‘या आठवड्यात पाणी किती उतरलं, रोहित दिसताहेत का’ एवढ्या चार ओळी तारखेसह साइटवर टाकत राहावं. पुण्याच्या माणसाला निघण्याआधी नेमकं हेच हवं असतं आणि ते सांगू शकेल असा माणूस फक्त पाण्यावर असतो.

दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे अजूनही मोलाचे आहेत. जिथे आपला खरा संबंध आहे तिथूनच ते मागावेत. माल पुरवठादाराची यादी, पक्षिनिरीक्षकांची संस्था, जानेवारीत बारामतीला भरणाऱ्या ‘कृषिक’सारख्या प्रदर्शनात भाग घेतला असेल तर त्याची बातमी. ‘दोन हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक’ हा प्रकार गूगलच्या २०१२ च्या पेंग्विन बदलानंतर उपयोगाचा राहिलेला नाही, अंगलट मात्र येऊ शकतो. गावांची नावं बदलून एकच मजकूर फलटण, दौंड, अकलूज, करमाळा अशा वीस पानांवर टाकण्यालाही गूगल फसवणूकच मानतं.

ऑडिटमध्ये एक गोष्ट तांत्रिक नसूनही मी आवर्जून पाहायला सांगतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे? साइट करून देणाऱ्यानं ते स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं, होस्टिंगचा पासवर्ड त्याच्याकडे, बिझनेस प्रोफाइलचा मालकही तोच. पुढे बोलणं बंद झालं की दहा वर्षांचं नाव हातातून जातं. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव आपण चालवून घेत नाही, इथेही घेऊ नये. तिन्ही खाती स्वतःच्या ईमेलवर करून घ्यावीत आणि कामासाठी दुसऱ्याला फक्त प्रवेश द्यावा. ‘पहिल्या क्रमांकाची गॅरंटी’ देणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा. अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलनंच लिहून ठेवलं आहे.

दुरुस्त्या झाल्या की सर्च कन्सोलमध्ये बदललेल्या पानाचा पत्ता तपासून पुन्हा नोंदणीची विनंती करता येते. फळ दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, म्हणून भिगवणकरांनी हे काम दिवाळीच्या आसपासच उरकावं आणि आडसालीची रोपं विकणाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्ये. मागच्या महिन्याशी तुलना करून उपयोग नाही, कारण आपले धंदे मोसमी. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची माहिती राखतं. तेव्हा यंदाचा फेब्रुवारी गेल्या फेब्रुवारीशेजारी ठेवावा आणि दुकानाच्या नावाचे शोध गाळून उरलेले शब्द वाढले का, तेवढंच पाहावं.