शाखा नकोशी की जागरण?

एमडी-एमएसच्या प्रवेशाचे पेढे वाटून होतात आणि काही महिन्यांत आपल्या धाराशिवचा मुलगा घरी म्हणतो, "ही शाखा माझी नाही." प्रवेशानंतर दुसरीकडे बदली मिळत नाही, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत त्याला मनाई आहे. जागा सोडून पुन्हा 'नीट-पीजी' द्यावी लागते. वर दंड. विद्यार्थ्यांवरील ताण पाहून आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना या दंडाचा फेरविचार करायला सांगितले.

म्हणून राजीनाम्याआधी रजा घ्या, पुरेशी झोप घ्या. मग स्वतःला विचारा : काम नकोसे झाले की जागरण? जागरण पुढे कमी होते. काम तेच राहते. पालकांनो, "लोक काय म्हणतील" हे तूर्त बाजूला ठेवा. मूल खचले असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक लावा.