रक्ताचा कारखाना आणि एका अक्षराचा बग

आमच्या डहाणू-तलासरीकडे कोणी सारखं थकलं, हातपाय दुखले की घरचे म्हणतात, "रक्त कमी आहे." पण रक्त बनतं कुठे? हाडांच्या आत, अस्थिमज्जेत. तिथल्या मूळपेशी स्वतःच्या कॉपी काढतात आणि त्यातूनच लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स तयार होतात. लाल पेशी तर सेकंदाला साधारण २० लाख! आमचा कुठलाच सर्व्हर एवढा चालत नाही.

आपल्याकडे वारली, कोकणा समाजात सिकलसेल आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या कोडमधलं एकच अक्षर जन्मापासून चुकलेलं असतं. ऑक्सिजन सोडला की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. म्हणून ती कळ. एरवी १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांत संपते. रक्त चढवून तात्पुरतं भागतं, कारण नवीन पेशी जुन्याच कोडमधून येतात. बोनमॅरो ट्रान्सप्लांटमध्ये म्हणूनच मूळपेशीच बदलतात.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा मी टेस्ट केली. वाहक निघालो. वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. आता रविवारी तिच्या घरी जाऊन हे सांगायचंय, आणि तिलाही टेस्ट करशील का, विचारायचंय.