हस्तरशी व्यवहार

१३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘तुंबाड’ दुसऱ्यांदा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा आमच्या कर्जत-खालापुरातली कॉलेजची पोरं बदलापूर-पनवेल गाठून तो बघून आली. त्यातल्या बहुतेकांनी तो आधी मोबाइलवर पाहिलेला होता. परतीच्या लोकलमध्ये त्यांची चर्चा कानावर पडायची, ती भुताबद्दल क्वचितच असे. सिनेमाचा नायक विनायक एका खेपेला अधिक मोहरा का काढत नव्हता, पोराला सोबत न्यायची काय गरज होती, एका बाहुलीऐवजी ढीगभर न्यायची कल्पना अंगाशी आलीच कशी, असा सगळा हिशेबच चाले. मला हीच या सिनेमाला मिळालेली सर्वांत अस्सल मराठी दाद वाटते.

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो पहिल्यांदा आला, त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात ‘क्रिटिक्स वीक’ची सुरुवात त्याने झाली होती. तरी इथे गर्दी बेताचीच जमली. दार करकरणार, आरसा फुटणार, बाई किंचाळणार अशा अपेक्षेने गेलेले लोक ‘भीती कुठं वाटली?’ म्हणत बाहेर पडले. पुढे तो घराघरांत मोबाइलवर पोचला, एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि सहा वर्षांनी पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळच्या दुपटीहून जास्त गल्ला जमला.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी या चित्रपटाची सुमारे सातशे पानांची चित्रसंहिता आधी कागदावर काढली होती. म्हणजे कॅमेरा लागण्याआधी ‘तुंबाड’ एका अर्थी चित्रकथाच होता. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलं, पण आतला जीव भयकथाकार नारायण धारपांचा. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने सांगितलेली धारपांची गोष्ट बर्वेंच्या डोक्यात बसली ती बसलीच. साखळदंडातली म्हातारी धारपांच्या ‘आजी’ कथेतून आली आणि ‘आजी’ स्टीफन किंगच्या कथेवरून. उसनवारीची ही साखळी धारपांचे वाचक जाणून आहेत आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. परदेशी भूत आपल्या माजघरात असं बसवायचं की ते इथलंच वाटावं, ही धारपांची हातोटी होती.

सिनेमातल्या हस्तर या देवाचंही तसंच झालं. सिनेमा बघून कित्येकांनी पुराणं चाळली, ‘हा कुठला देव?’ म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. तो कुठल्याच पुराणात नाही. त्याच्या नावाशी मिळतंजुळतं ‘हॅस्टर’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाच्या कथेत येतं. तिथून ते रॉबर्ट चेंबर्सने उचललं आणि पुढे एच. पी. लव्हक्राफ्टने. लव्हक्राफ्टची ‘कथुलू’ची कथा १९२८ साली छापून आली. ‘कॉस्मिक हॉरर’ म्हणतात ते त्याचं घराणं. विश्वात अशा अफाट शक्ती आहेत की त्यांना माणसाचा राग नाही आणि लोभही नाही. माणूस त्यांच्या गणतीतच नाही, ही त्यातली खरी भीती. माइक मिग्नोलाने १९९० च्या दशकात ‘हेलबॉय’ या कॉमिकात हीच भीती घेतली, पण समोर दगडी हाताचा एक लाल राक्षस नायक म्हणून उभा केला. त्यामुळे गियेर्मो देल तोरोचा २००४ चा चित्रपट बघणाऱ्याला निदान कुणीतरी ठोसा मारणारा मिळतो.

आपल्याकडे ठोशाच्या जागी देणंघेणं असतं. ठाकूर-कातकरी वाड्यांवरचा वाघदेव घ्या, वेशीवरचा वेताळ घ्या, शेताचा राखणदार घ्या. प्रत्येकाचा मान ठरलेला. नारळ, कोंबडा, उतारा. दिला की विषय मिटला, चुकला तर भगताकडे जायचं. हस्तरला कणकेची बाहुली दाखवून मोहरा काढणं म्हणूनच इथल्या प्रेक्षकाला जराही विचित्र वाटलं नाही. आषाढी अमावस्येला कणकेचे दिवे करणाऱ्या घरांत वाढलेल्याला पिठाचा नैवेद्य काय नवा? लव्हक्राफ्टच्या देवांशी सौदा होत नाही. हस्तरशी होतो, आणि मग माणूसच करार मोडतो. त्यामुळे लोकलमधला वाद थेट विनायकाच्या नियतीवर यायचा.

मात्र एका बाबतीत इकडचा प्रेक्षक लव्हक्राफ्टच्या जवळ आहे: माणसाला गणतीत न धरणारी शक्ती त्याला पावसात दिसते. ‘तुंबाड’मध्ये पाऊस थांबतच नाही. तो मिळवायला चित्रीकरण पावसाळ्यामागून पावसाळे लांबलं. शहरातल्या माणसाने त्याच्या छायाचित्रणाचं कौतुक केलं, आणि पंकज कुमार यांनी ते कमावलंही आहे. पण खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्यानंतर वर्षभराने इथल्या एखाद्याने पडद्यावरचा तो संततधार पाऊस बघितला, तर त्याला हस्तर यायची वाट बघावी लागली नसेल.

‘तुंबाड’ पुन्हा लागला त्याच २०२४ च्या जून महिन्यात आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ आला होता. तो कोकणातलाच, पण चालला वेगळ्या कारणाने. मुंजा प्रत्येक गावाला ठाऊक असतो, पिंपळही ठरलेला असतो. पोरं त्याला बघून हसली आणि म्हाताऱ्यांनी ‘असा नसतो तो’ म्हणून चुका काढल्या. ओळखीच्या भुताला ही सूट मिळते.

आमच्या भागातल्या प्रेक्षकाला आणखी एक खोड आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली चौक गावाजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे महाल तिथलेच. प्लास्टरचा किल्ला मागून कसा दिसतो हे इथे अनेकांनी पाहिलंय, त्यामुळे भव्य सेट बघून आमचा आ वासत नाही. ‘तुंबाड’चा वाडा सासवडचा, खरा, आणि भिंतींना आलेली ओलही खरी. ही बाब इथल्या नजरेने बरोबर टिपली.

धारपांचे ‘समर्थ’ मात्र अजून हवे तसे पडद्यावर आलेले नाहीत. काळोखातल्या शक्तींशी एकामागून एक प्रकरणांत भिडणारे, ज्ञान आणि मनोबल हेच शस्त्र असणारे हे गृहस्थ म्हणजे हेलबॉयचे मराठी चुलतेच. कुणी हा उद्योग मनावर घेतलाच तर एक विनंती: सेट लावू नका. जुलैत पळसदरीला उतरा, पाऊस फुकट आहे.