बेस कुठे हरवतो? इअरफोनविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली स्थानकाबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांत कानात घालायच्या इअरफोनची पारख बहुधा एकाच निकषावर होते आणि तो निकष म्हणजे बेस. बेस म्हणजे खर्जाकडील ध्वनी, अर्थात सेकंदाला साधारण २० ते २५० कंपने असणारा पट्टा. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ, आणि निरोगी तरुण कानाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतात, हे लक्षात घेतले तर हा पट्टा किती अरुंद आहे हे ध्यानात येते. तरीही ढोलाचा ठोका, डग्ग्याची घुमार आणि बेस गिटारचा पाया याच पट्ट्यात सामावलेला असतो. एकच इअरफोन फोनला लावला तर दमदार वाटतो, लॅपटॉपला लावला तर फिका, आणि लोकलमध्ये तर त्यात बेस नाहीच असे वाटू लागते. त्यामुळे बेस कमी-जास्त होणे ही मुख्यतः स्रोताची, म्हणजे ज्या उपकरणातून ध्वनी येतो त्याची, करामत आहे असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती अशी की स्रोताचा वाटा काही नेमक्या आणि ओळखता येण्याजोग्या प्रसंगीच मोठा असतो. उरलेल्या वेळी हा निकाल कानाच्या छिद्रापाशी, गाडीच्या डब्यात आणि आवाजाच्या पातळीवर लागलेला असतो.

कानाच्या छिद्रापासूनच आरंभ करणे योग्य ठरेल, कारण सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो आणि सर्वांत कमी लक्षही तिथेच जाते. इअरफोनची सिलिकॉनची टोपी कर्णनलिकेत घट्ट बसली की टोपी आणि कर्णपटल यांच्यामध्ये हवेची एक छोटी बंद पोकळी तयार होते, आणि इअरफोनमधील पटल, म्हणजे ध्वनी निर्माण करणारा पातळ पडदा, मागेपुढे होताना या कोंडलेल्या हवेवर सरळ दाब देतो. मंद कंपनांचा दाब टिकून राहण्यासाठी पोकळी बंद असावी लागते. टोपीच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी दर कंपनागणिक हवेला बाहेर सरकण्याइतका अवधी मिळतो आणि दाब उभाच राहत नाही. उच्च वारंवारतेची कंपने इतकी जलद असतात की त्या फटीतून हवा निसटण्याआधीच दाबाची दिशा बदललेली असते, म्हणून गळतीचा फटका जवळपास सगळा बेसलाच बसतो. ही घट १० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक असू शकते, आणि १० डेसिबलची घट कानाला साधारणपणे आवाज निम्मा झाल्यासारखी जाणवते. इअरफोन बोटाने हलकेच आत दाबल्यावर बेस एकदम वाढत असेल, तर दोष फोनचा किंवा गाण्याचा नसून टोपीच्या मापाचा आहे असे निःशंक समजावे. डाव्या आणि उजव्या कानांची मापे वेगळी असणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. खोक्यात टोप्यांच्या तीन जोड्या दिलेल्या असतात त्या यासाठीच, आणि त्यांपैकी दोन जोड्या बहुतेक घरांत खोक्यासकट अडगळीत जातात.

याच पोकळीमुळे आणखी एक समज निकालात निघतो. पटल जितके मोठे तितका बेस अधिक, या समजापोटी खोक्यावर दहा किंवा बारा मिलिमीटर असे आकडे ठळक छापले जातात. खोलीत ठेवलेल्या स्पीकरला संपूर्ण खोलीतील हवा हलवायची असते, म्हणून तिथे मोठ्या पटलाला अर्थ आहे; इअरफोनला मात्र जेमतेम एकदोन घन सेंटिमीटर हवेवर दाब द्यायचा असतो, आणि ते काम सहा मिलिमीटरचे पटलही उत्तम प्रकारे करू शकते. बेस किती ठेवायचा हे निर्माता पटलाचा ताण, मागील पोकळी आणि तिला पाडलेली सूक्ष्म छिद्रे यांवरून ठरवतो. खोक्यावरील आकडा त्याबद्दल फारसे काही सांगत नाही.

लोकलमध्ये बेस नाहीसा होण्याचे कारण निराळे आहे. रुळांवरील चाकांची घरघर, मोटारींचा गुंजारव आणि डब्याच्या पत्र्यांची कंपने यांतली बरीचशी ऊर्जा खालच्या वारंवारतांमध्ये एकवटलेली असते, आणि एखादा ध्वनी दुसऱ्या मोठ्या ध्वनीखाली दडपून ऐकूच न येणे, ज्याला आच्छादन म्हणतात, ते समान वारंवारतेच्या ध्वनींमध्ये सर्वांत तीव्र असते. त्यातच टोपीमुळे मिळणारा अडसर उच्च ध्वनींना चांगला थोपवतो, पण खर्जातील गडगडाटाला तुलनेने कमी. परिणामी गाण्यातील झांज आणि गायकाचा स्वर कानापर्यंत शाबूत पोहोचतो, तर ढोलाचा ठोका अंधेरी ते बोरिवलीच्या धडधडाटात विरून जातो. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली वातानुकूलित लोकल धावली. बंद दारांच्या अशा डब्यात किंवा २०१४ पासून वर्सोवा ते घाटकोपर धावणाऱ्या मेट्रोत तोच इअरफोन त्याच फोनला लावून ऐकला, तर उघड्या दारांच्या डब्याच्या तुलनेत बेस सुधारल्यासारखा वाटतो, आणि त्यात स्रोताचा काडीचाही संबंध नसतो. गोंगाट रद्द करणाऱ्या इअरफोनविषयी मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी: बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट दाबाची लहर सोडण्याची ही युक्ती सुमारे एक हजार हर्ट्झच्या खालीच खरी परिणामकारक ठरते, म्हणजे नेमक्या त्या पट्ट्यात जिथे नुसती टोपी अपुरी पडते. लोकलच्या प्रवाशाला ‘याचा बेस जास्त आहे’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा बेस वाढलेला नसून गाडीचा आवाज घटलेला असतो.

स्रोतांची तुलना करताना होणारी सर्वांत सार्वत्रिक चूक आवाजाच्या पातळीची आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कान सर्व वारंवारतांना सारखाच संवेदनशील नसतो आणि ही विषमता पातळीनुसार बदलते. आज प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातील वक्रांनुसार, एक हजार हर्ट्झचा ध्वनी ४० डेसिबलवर असताना ५० हर्ट्झचा ध्वनी तितकाच मोठा वाटण्यासाठी तो सुमारे ७८ डेसिबलचा असावा लागतो, म्हणजे ३८ डेसिबलची तफावत; पण हजार हर्ट्झचा ध्वनी ८० डेसिबलवर नेला तर हीच तफावत २२ च्या आसपास येते. साध्या शब्दांत, तेच गाणे मोठ्याने लावले की त्यातला बेस इतर ध्वनींपेक्षा अधिक वेगाने वाढल्यासारखा वाटतो. दुकानात दोन फोन आळीपाळीने लावून पाहणाऱ्या ग्राहकाला ज्या फोनचा आवाज दोनतीन डेसिबलने मोठा असतो तोच ‘भारी बेसवाला’ वाटतो. पातळी काटेकोरपणे जुळवली की हा साक्षात्कार बहुधा मावळतो. गाडीच्या गडगडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेण्याची सवयही यातूनच लागते आणि ती महाग पडू शकते, कारण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी असून पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो.

बेससाठी स्वतंत्र अँप्लिफायर हवाच, हा समज थोड्या गणिताने तपासता येतो. एखादा इअरफोन १६ ओहमचा असून एक मिलिवॅट शक्तीला १०० डेसिबल आवाज देत असेल, तर त्या एका मिलिवॅटसाठी त्याला जेमतेम ०.१३ व्होल्ट लागतात. एक व्होल्ट देऊ शकणारा साधा फोन किंवा डोंगल, म्हणजे फोनला इअरफोन जोडणारी आखूड तार, त्याच इअरफोनमधून ११८ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे सहन होण्याच्या पलीकडे. अशा ठिकाणी अधिक शक्तीचा अँप्लिफायर जोडल्याने जर काही बदलत असेल तर ती पातळी, आणि पातळीचा परिणाम वर आलाच आहे. डोंगल ही नुसती तार आहे हेही खरे नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून इअरफोनचे गोल भोक नाहीसे झाले आणि पुढे इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला, तेव्हापासून अंकांतील संगीताचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करणारी चिप बहुतेक डोंगलांच्या आतच असते. आणि बऱ्यापैकी बनावटीची अशी चिप, स्वस्तातली असली तरी, संपूर्ण बेस पट्टा जवळजवळ सपाट, म्हणजे कमी-जास्त न करता, पुढे पाठवते.

मग स्रोत खरोखर कुठे ढवळाढवळ करतो? पहिले ठिकाण म्हणजे त्याचा निर्गम संरोध. संरोध म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्‌प्रवाहाला होणारा अडथळा. तो इअरफोनलाही असतो आणि स्रोतालाही, आणि मिळालेला विद्युत्‌दाब या दोघांत वाटला जातो. एकाच पटलाच्या सर्वसाधारण इअरफोनचा संरोध सर्व वारंवारतांना जवळपास सारखा असल्याने ही वाटणीही सर्वत्र सारखी होते. आवाज थोडा उतरतो, पण बेसचे प्रमाण ढळत नाही. गायक-वादक मंचावर वापरतात त्या महागड्या इअरफोनांत मात्र बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे, चुंबकांमधील सूक्ष्म पात्यावर चालणारे, अनेक घटक एकत्र असतात आणि त्यांचा संरोध वारंवारतेनुसार मोठा बदलतो. समजा तो बेसमध्ये ८ आणि वरच्या पट्टीत ३२ ओहम आहे. एक ओहमच्या स्रोतावर बेस वरच्या पट्टीच्या तुलनेत पाऊण डेसिबलने उतरेल, जे कुणाच्या लक्षातही येणार नाही. तीस ओहमच्या स्रोतावर मात्र तो जवळपास ८ डेसिबलने उतरेल, जे कुणालाही कळेल. स्रोताचा संरोध इअरफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा हा प्रचलित ठोकताळा यासाठीच आहे. इथे गंमत अशी की स्वस्त इअरफोनपेक्षा महागडाच स्रोताच्या बाबतीत अधिक लहरी ठरू शकतो.

दुसरे ठिकाण जुन्या वॉकमनसारख्या यंत्रांत सापडते. त्यांच्या निर्गमावर स्थिर विद्युत्‌प्रवाह अडवण्यासाठी कपॅसिटर बसवलेला असे, आणि कपॅसिटर संथ बदलांना अडवतो, जलद बदलांना वाट देतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला १६ ओहमचा इअरफोन जोडला की सुमारे १०० हर्ट्झपासून खाली बेस ढासळू लागतो. २२० मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम अशी जोडी असेल तर हीच सीमा २३ हर्ट्झपर्यंत खाली जाते, म्हणजे व्यवहारात नुकसान नाही. आजच्या फोनमधील चिपना अशा कपॅसिटरची गरज नसते, पण माळ्यावरून काढलेल्या जुन्या यंत्राबद्दलची ‘याला बेसच नाही’ ही तक्रार अशा वेळी रास्त असते.

फाइलच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा दर सर्व श्राव्य बेस पूर्णपणे साठवतो, आणि नमुने वाढवले तर मर्यादा वरच्या टोकाची वाढते, खालच्या टोकाची नाही. संगीत वायरलेस मार्गाने पाठवण्यासाठी होणाऱ्या आकुंचनातही काटछाट व्हायची तर ती प्रथम वरच्या पट्ट्यात होते. अपवाद एकच, पण तो रोजचा आहे: ब्लूटूथ इअरफोनचा माइक सुरू झाला की जोडणी संभाषणाच्या पद्धतीत जाते, आणि तिच्या जुन्या रूपात केवळ ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेला जातो. ऑनलाइन बैठक चालू ठेवून मागे गाणे लावणाऱ्याला बेस गायब झालेला आढळतो तो म्हणूनच.

जो बेस मुळात ध्वनिमुद्रितच झाला नाही तो कोणताही स्रोत देऊ शकत नाही. १९२५ च्या सुमारास विद्युत्‌ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायक कर्ण्यासमोर उभा राहून गात असे आणि त्या कर्ण्यातून साधारण २५० हर्ट्झच्या खालचे फारसे काही तबकडीवर उतरत नसे. बालगंधर्वांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत डग्गा ऐकू येत नाही तो यामुळे, आणि बेस वाढवण्याचे बटण तिथे फक्त तबकडीची घरघर वाढवते. रेडिओवरील विविध भारतीच्या जुन्या गाण्यांचाही खर्ज ठरला तो दशकांपूर्वीच्या मुद्रणकक्षांत. उलट मध्यमलहरींवर तेच गाणे ‘बेसदार’ वाटते, कारण त्या प्रक्षेपणात वरचा पट्टा कापला जातो आणि खर्ज तुलनेने उठून दिसतो.

राहता राहिला जॅक. माइक असलेल्या वायरच्या इअरफोनचा जॅक चार कड्यांचा असतो, आणि माइक व सामाईक परतीची तार यांच्या जागा उलटसुलट असलेली दोन मानके एके काळी बाजारात एकत्र नांदत होती. बेमेल जोडी जुळली, किंवा जॅक अर्धवट बसला, की परतीची तार तुटल्यासारखी होते आणि दोन्ही कानांना डाव्या व उजव्या वाहिन्यांमधील केवळ फरक ऐकू येतो. बेस आणि गायकाचा स्वर दोन्ही वाहिन्यांत सारखेच मिसळलेले असल्याने नेमके तेच दोन्ही एकमेकांना छेदून नाहीसे होतात, आणि मागे उरते ती दूरवरून आल्यासारखी पोकळ साथसंगत. माइकचे बटण दाबून धरताच गाणे पूर्ववत झाले, तर दोष मानकांच्या बेमेळाचा आहे. जॅक कपड्याने पुसून पुरता आत ढकलल्यावर पूर्ववत झाले, तर नवा इअरफोन घेण्याचे काही कारण नाही.