उणे शंभरचा पास

जानेवारी ते एप्रिल हा द्राक्ष निर्यातीचा हंगाम. या चार महिन्यांत ऑफिसमधला प्रत्येक मेल कोणाच्या तरी कंटेनरशी जोडलेला असतो. मी ज्या निर्यातदाराचा मेल सर्व्हर सांभाळतो, त्याचं ऑफिस पंचवटीत, दिंडोरी रोडला, मार्केट यार्डाच्या जवळ आहे. माल निफाड-दिंडोरीच्या बागांतून पॅकहाउसला जातो, तिथून न्हावा-शेवा आणि पुढे रॉटरडॅम. कागद मात्र सगळे मेलवरच फिरतात : लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट, शिपिंग लाइनचं बुकिंग, खरेदीदाराची ऐन वेळची सूचना. २०१० मध्ये युरोपात नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या लिहोसिनचे, अंश सापडले आणि माल अडकला. तेव्हापासून रेसिड्यू रिपोर्टला इथे कोणी हलक्यात घेत नाही.

आणि नेमका तोच स्पॅममध्ये जातो.

‘भाऊ, लॅबवाले म्हणतात कालच पाठवला. आमच्याकडे काहीच नाही,’ असा अकाउंट्समधून फोन आला की मी आधी लॉग उघडतो. सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन आहे. ते प्रत्येक मेलला गुण देतं आणि ५ किंवा त्याहून जास्त गुण पडलेला मेल स्पॅम ठरतो. लॅबच्या मेलला ६.१ पडलेले. त्यातले साडेतीन एकट्या बेजियन चाचणीचे, म्हणजे आधीच्या मेलमधल्या शब्दांवरून फिल्टर जो अंदाज बांधतो त्याचे. बाकीचे किरकोळ : मेलमध्ये साधा मजकूर नाही, नुसतं एचटीएमएल, पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीवरून त्याचं नाव सापडत नाही. मजकूर एका ओळीचा, ‘रिपोर्ट सोबत जोडला आहे’ एवढाच, आणि खाली पीडीएफ. खोटी बिलं पाठवणारेही अगदी असंच लिहितात. फिल्टरला दोष देण्यात अर्थ नाही.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे ‘यांना व्हाइटलिस्ट करून टाका’. लोकल.सीएफ या फाइलमध्ये ‘व्हाइटलिस्ट फ्रॉम’ आणि पुढे लॅबचं डोमेन, अशी एक ओळ लिहिली की काम झालं. त्या ओळीने मेलच्या गुणांतून सरळ १०० वजा होतात, मग बाकीच्या चाचण्यांनी काहीही म्हटलं तरी फरक पडत नाही. अडचण अशी की ही ओळ फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता पाहते आणि तो पत्ता पाठवणाराच लिहितो. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचंही नाव घालू शकतो, तसंच हे. चोराने लॅबचा पत्ता घातला की त्यालाही उणे शंभरचा पास मिळतो.

म्हणून मी ‘व्हाइटलिस्ट ऑथ’ वापरतो. ही सूट पत्ता एसपीएफ किंवा डीकेआयएमच्या कसोटीला उतरला तरच मिळते. आपल्या डोमेनचा मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो, याची यादी डोमेनचा मालक जाहीर करतो, ते एसपीएफ. मेलवर सर्व्हरची सही असते आणि ती पडताळता येते, ते डीकेआयएम. (२०२२ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत या सेटिंगला ‘वेलकमलिस्ट’ म्हणतात; जुनी नावंही चालतात.) ओळ टाकली की ‘लिंट’ चालवून फाइलमध्ये चूक नाही ना ते पाहायचं, सेवा रीलोड करायची आणि समोरच्याकडून पुन्हा एक मेल मागवायचा. व्हायरसची तपासणी वेगळी असते. यादीत नाव आहे म्हणून ती कोणासाठीही बंद करायची नाही.

या लॅबकडे एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही नव्हतं. त्यांच्या माणसाला फोनवर डीएनएसमध्ये एसपीएफची ओळ टाकायला लावली. ती होईपर्यंत त्यांचे जुने खरे मेल ‘चांगले’ म्हणून बेजियनला शिकवले. यात वेळ जातो, आणि कंटेनर थांबलेला असताना ऑफिसला हे पटवणं सर्व्हरच्या कामापेक्षा अवघड असतं.

सगळ्यात जास्त आग्रह होतो तो जीमेलचा. ‘आपले सगळे बागायतदार जीमेलवरच आहेत, जीमेलच टाका ना यादीत!’ टाकलं तर बागायतदार आत येतील आणि त्यांच्यामागून जगभरचे फुकट खातं उघडणारेही येतील, तेसुद्धा अस्सल डीकेआयएम सहीनिशी. मेल कुठून निघाला एवढंच सही सांगते, कोणत्या हेतूने निघाला ते नाही. बागायतदारांचे पत्ते म्हणून एकेक करूनच घालतो, कंटाळा आला तरी.

लॅबचा किंवा शिपिंग लाइनचा मेलबॉक्सच कोणी बळकावला तर ही सगळी व्यवस्था उलटते. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ हा मेल खऱ्या पत्त्यावरून, खऱ्या सहीने येतो आणि यादीत नाव असल्यामुळे बिनबोभाट इनबॉक्समध्ये पोचतो. यावर सर्व्हरकडे इलाज नाही. खातेबदलाचा मेल आला की आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही, असा ऑफिसचा नियम आहे आणि त्याला कोणीही अपवाद नाही.

यादी जुनी होते, तेही पाहावं लागतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. तुमच्या यादीत बँकांची जुनी डोमेनं अजून असतील. उद्या त्यातलं एखादं कोणी नूतनीकरण न करता सोडलं आणि दुसऱ्याने विकत घेतलं, तर सही त्याची खरी आणि सूट तुम्ही दिलेली.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : प्रत्येक ओळीवर कॉमेंटमध्ये तारीख आणि ती कोणी घालायला सांगितली त्याचं नाव लिहा, आणि दिवाळीनंतर, हंगाम सुरू होण्याआधी, पूर्ण यादी एकदा वाचा. सुरुवात बँकांपासून करा.