वीस विटांचा पडदा

निन्टेन्डोचे गेम बॉय हे हातात मावणारे यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये बाजारात आले आणि त्याच दिवशी त्याच्यासाठी बनवलेला ‘सुपर मारिओ लँड’ही आला. आपल्याकडे मारिओ पोहोचला तो पुढे नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांमधून. त्यामुळे हिरवट-करड्या पडद्यावरचा हा छोटा मारिओ मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यातही त्याची ख्याती बेताचीच: बाराच टप्पे, तासाभराच्या आत खेळ खलास, मागचे चित्र जवळजवळ कोरे आणि मारिओ मुंगीएवढा. थोडक्यात, मोठ्या खेळाची काटछाट करून बनवलेली गरिबाची आवृत्ती. मला हा निकाल उलटा वाटतो. मारिओ लहान आहे म्हणूनच तो खेळ त्या यंत्रावर नीट उभा राहतो, आणि हे आवडीनिवडीचे प्रकरण नाही, मोजून पाहता येते.

आधी यंत्र पाहू. गुन्पेई योकोई यांच्या विभागाने गेम बॉय घडवला तो मुद्दाम जुन्या, स्वस्त आणि खात्रीच्या भागांतून. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, रंग नाहीत, एकाच रंगाच्या चार छटा, आणि मागून प्रकाशही नाही. त्याच वर्षी आलेल्या अटारीच्या लिंक्समध्ये रंग आणि प्रकाश दोन्ही होते, पण तो सहा पेन्सिल सेल झपाट्याने फस्त करी. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास चाले. या काटकसरीची किंमत पडद्यावर वसूल होत असे. त्यातले द्रवस्फटिक संथ असल्याने सरकणारे चित्र मागे अस्पष्ट सावली सोडे. सगळे चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींचे. यंत्राच्या स्मृतीत ३२ बाय ३२ चौकटींचा नकाशा, त्यातल्या फक्त २० बाय १८ चौकटी डोळ्यांना दिसणाऱ्या. मारिओ पुढे सरकला की ही खिडकी नकाशावर सरकते आणि खिडकीबाहेर, दिसण्याच्या आत, पुढच्या उभ्या रांगा भरल्या जातात. म्हणजे रस्ता कितीही लांब असो, एका वेळी दिसणार वीस चौकटी.

आता हिशेब. टीव्हीवरच्या १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पडदा २५६ पिक्सेल रुंद आणि एक वीट १६ पिक्सेलची, म्हणजे आडव्या सोळा विटा. ‘लँड’मध्ये वीट ८ पिक्सेलची केली, म्हणजे वीस विटा. पडद्याची रुंदी पिक्सेलच्या हिशेबात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटली, तरी मारिओच्या मापाने पुढचा रस्ता आखडला नाही, थोडा वाढलाच. धुक्यात घाट उतरताना गाडीचा वेग इंजिनावर ठरत नाही, पुढे किती रस्ता दिसतो त्यावर ठरतो. उड्यांच्या खेळाचेही तसेच आहे. दिग्दर्शक सातोरु ओकादा आणि निर्माते योकोई यांनी चित्राची शोभा सोडली आणि दृष्टीचा पल्ला राखला. मागची पार्श्वभूमी कोरी आहे तीही आळसाने नव्हे असे मला वाटते. चार छटांच्या, सावली सोडणाऱ्या पडद्यावर मागे नक्षी भरली असती तर शत्रू तिच्यात विरून गेला असता. पिरॅमिड, समुद्राचे जग, ईस्टर बेटावरचे दगडी चेहरे आणि चिनी दंतकथेतली उड्या मारणारी प्रेते, ही चार राज्ये दोन-चार मोजक्या आकारांतून ओळखू येतात. कासवाचे कवच इथे लाथेने घरंगळत जात नाही, तिथेच फुटते. आगीच्या गोळ्याऐवजी भिंतींवर आपटून परतणारा चेंडू आहे. दोन्ही बदल कशासाठी केले ते बनवणाऱ्यांच्या मनात शिरून सांगता येणार नाही, पण परिणाम दिसतो: जे घडायचे ते नजरेच्या टप्प्यातच घडते. हिरोकाझु तानाका यांचे संगीत मात्र कोणतीच काटकसर मानत नाही. अजिंक्य करणारा तारा मिळाला की ऑफेनबाखचा कॅन-कॅन सुरू होतो, आणि इवल्या स्पीकरमधून तो भलताच झोकात वाजतो.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी चतुराई नंतर चिकटवलेली आहे. कॅसेट ६४ किलोबाइटची, तीत आणखी काय मावणार? पण टीव्हीवरचा पहिला मारिओ ४० किलोबाइटमध्ये बत्तीस टप्पे बसवतो, भले त्यातले काही पुन्हा वापरलेले असोत. जागेची टंचाई एवढेच कारण असते तर बारा टप्प्यांवर थांबायची गरज नव्हती. या कॅसेटमध्ये प्रगती जपून ठेवायची सोय नाही, यंत्र बंद केले की पहिल्यापासून सुरुवात. सेलवर, प्रवासात चालणाऱ्या यंत्रावर अशा खेळाची लांबी एका बैठकीत संपेल इतकीच हवी. दुसरा आक्षेप विक्रीचा. खेळाच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या, पण नव्या यंत्रासोबत आलेला मारिओ कसाही असता तरी खपलाच असता. हे मला मान्य आहे; विक्रीचा आकडा माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मी धरतच नाही. तिसरा आक्षेप खरा बोचरा आहे: मारिओची हालचाल ताठर आहे, उडी संपली की तो दगडासारखा खाली येतो. हे खोटे नाही, आणि पडद्याच्या मापाने त्याचे समर्थनही होत नाही. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांच्या थेट सहभागाविना झालेला हा मारिओ आहे, आणि ती उणीव नेमकी बोटांना जाणवते.

मग १९९२ चा ‘सुपर मारिओ लँड २’ लोकांना अधिक का आवडला? कारण तो दिसायला देखणा आहे. कॅसेट आठपट मोठी, मारिओ टीव्हीवरच्यासारखा गुबगुबीत, प्रगती जपण्याची सोय, आणि वारिओसारखा झकास खलनायक. पण वीट पुन्हा १६ पिक्सेलची झाली, आणि आडव्या विटा उरल्या दहा. पल्ला निम्मा झाल्यावर खेळाला संथ आणि सौम्य व्हावे लागले. शेवटचा किल्ला सोडला तर त्यात क्वचितच कोणी अडतो. मजेदार खेळ आहे, फक्त धावण्याचा राहिलेला नाही, भटकण्याचा झाला आहे.

या वादातली सगळ्यात स्वच्छ चाचणी निन्टेन्डोने स्वतःच घेतली. १९९९ मध्ये रंगीत गेम बॉयसाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स’ काढताना १९८५ चेच टप्पे आणि तेवढ्याच मापाची चित्रे घेतली. पडदा मात्र १६० बाय १४४ चाच होता. रस्ता तोच, खिडकी कापलेली. टीव्हीवर सहज चुकवता येणारा शत्रू इथे अंगावर येईपर्यंत दिसत नाही, आणि पडद्याची उंचीही अपुरी पडते. म्हणून वर किंवा खाली कळ दाबून चित्र सरकवण्याची सोय द्यावी लागली: उंचावरून उडी टाकण्यापूर्वी थांबायचे, खाली जमीन आहे की खड्डा ते पाहायचे, मग उडी. ‘लँड’मध्ये अशी कळ नाही. तिथे प्रत्येक टप्पा पडद्याच्या उंचीतच मावतो.