सत्तर गुण आणि सतरा यार्ड

अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तो मुख्यतः हाताने खेळतात आणि त्यातला चेंडू लांबट असतो. माझा भाचा शिकायला तिकडे गेला तो या खेळाचे वेड घेऊन परतला. त्याच्या संगतीने ते मलाही लागले.

आपल्या हुतुतूप्रमाणे यातही चढाई असते. फरक इतकाच, की एकटा गडी जात नाही, अकराच्या अकरा जातात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे! क्वार्टरबॅक हा चढाईचा सूत्रधार. चेंडू घेऊन पळायचे, दुसऱ्याच्या हाती द्यायचा, की लांब फेकायचा, हे त्याला निमिषार्धात ठरवावे लागते.

हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि नेमाचे सामने अवघे बारा. त्यामुळे तीन-चार सामने झाले की जो तो चढाईचे भविष्य वर्तवू लागतो. ही नुसती करमणूक नव्हे. अशा मतांच्या लाटेवर प्रशिक्षकांच्या नोकऱ्या हेलकावतात, आणि विशी-बाविशीची पोरे एका आठवड्यात देव्हाऱ्यात, तर दुसऱ्या आठवड्यात पायदळी जातात.

२०१२ सालची वेस्ट व्हर्जिनियाची गोष्ट पाहा. २९ सप्टेंबरला या संघाने बेलरला ७०-६३ असे हरवले. जीनो स्मिथ या क्वार्टरबॅकने ५१ पैकी ४५ फेकी साधल्या, ६५६ यार्ड मिळवले आणि आठ टचडाउन करून दिले. पुढच्या आठवड्यात ऑस्टिनला जाऊन त्यांनी टेक्ससलाही ४८-४५ असे नमवले. पाचांपैकी पाच विजय, देशात पाचवा क्रमांक! मग टेक्सस टेकने त्यांना ४९-१४ असे लोळवले, त्यानंतर कॅन्सस स्टेटने ५५-१४. ओळीने पाच पराभव झाले आणि हंगाम सात विजय, सहा पराभवांवर संपला.

वाचकहो, सत्तराचा आकडा पाहताना शेजारचा त्रेसष्टाचा आकडा कितीजणांनी पाहिला असेल? स्वतःचा बचाव गळका असला की चढाईला दर वेळी गुण आणावेच लागतात. घरात एकटा कमावता असावा, तशी तिची गत होते. तो एक दिवस अंथरुणाला खिळला की चूल थंड.

आता दुसरे उदाहरण. २०१९ साली लुइझियाना स्टेटने पहिल्याच सामन्यात जॉर्जिया सदर्नला ५५-३ असे धुतले. दुबळ्या गोलंदाजीवर ठोकलेल्या शतकाला जेवढी किंमत द्यावी, तेवढीच मी त्या गुणांना देईन. पाहण्यासारखी गोष्ट निराळी होती. जो ब्रेडी हा तिशीच्या उंबरठ्यावरचा प्रशिक्षक न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघातून नुकताच आला होता. मैदानभर गडी पांगवायचे, एकाच वेळी पाच-पाच जणांना चेंडू झेलायला धाडायचे, ही नवी रीत तिथे स्वच्छ दिसत होती.

कसोटी लागली ७ सप्टेंबरला, त्याच ऑस्टिनमध्ये. सुमारे अडीच मिनिटे उरली होती, आघाडी ३७-३१ अशी निसटती होती, तिसरा प्रयत्न होता आणि हवे होते सतरा यार्ड. टेक्ससचे गडी अंगावर धावून आले. जो बरो हा क्वार्टरबॅक डगमगला नाही. एक पाऊल पुढे सरकून त्याने जस्टिन जेफरसनकडे चेंडू फेकला, आणि ६१ यार्डांचे टचडाउन झाले! सामना ४५-३८ असा जिंकला. त्या रात्री तिघा गड्यांनी प्रत्येकी शंभराहून अधिक यार्ड झेलून मिळवले होते. आधीच्या हंगामात बरोची टचडाउने होती सोळा. या हंगामात झाली साठ. संघ पंधराही सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला.

मैदान तेच, प्रतिस्पर्धी तोच, विजयही जवळजवळ तितक्याच गुणांचा. शेवट मात्र दोन टोकांचे. म्हणून सप्टेंबरातला गुणफलक मी सर्वांत शेवटी पाहतो. आधी विचारतो: समोर कोण होते? तिसऱ्या प्रयत्नात लांबचा पल्ला उरला असता काय केले? आणि चढाई एक दिवस फसली, तर संघाला सावरणारे दुसरे कोणी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सप्टेंबरात मिळू शकतात. तिसऱ्यासाठी बहुधा ऑक्टोबरची वाट पाहावी लागते.